स्लाइड ब्लूजसाठी कोणते वाद्य घ्यावे: सिगारपेटीची गिटार की रेझोनेटर?

अमेरिकेच्या दक्षिणेतील मिसिसिपी डेल्टा या भागातल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतातली स्लाइड गिटार ऐकून ती वाजवण्याची ओढ लागलेल्या माणसापुढे बहुधा दोन पर्याय येतात: लाकडी सिगारपेटीला दांडी जोडून हाताने बनवलेली तीनतारी गिटार आणि पोटात ॲल्युमिनियमचा शंकू बसवलेली सहातारी रेझोनेटर. दोन्हींवर काचेची किंवा धातूची नळी तारांवरून सरकवून सूर काढता येतात. तरीही निवड करताना किमतीच्या आधी तारांच्या जुळणीकडे पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

तीनतारी गिटार बहुतेकदा जी-डी-जी, म्हणजे सा-प-सा, अशी लावतात. या जुळणीत गंधार नाही, आणि ब्लूजचा सारा जीव तर गंधारातच आहे. तो पुरता शुद्धही नसतो आणि पुरता कोमलही नसतो. सर्वांत बारीक तारेवर तिसऱ्या पडद्याशी कोमल आणि चौथ्याशी शुद्ध गंधार मिळतो, आणि या दोन पडद्यांमधल्या जागेत नळी किंचित खालीवर होत राहिली की गाणाऱ्याच्या गळ्यातला तो कंप तारेवर उतरतो. खालचे सा आणि प तंबोऱ्यासारखे आधाराला असतात, त्यामुळे हा सूर कोठे ठेवायचा हे सर्वस्वी वाजवणाऱ्याच्या कानावर राहते. मींडेची सवय असलेल्या आपल्या श्रोत्याला ही मोकळीक लगेच भावते.

रेझोनेटरवर सर्रास वापरली जाणारी ‘ओपन जी’ जुळणी जाड तारेपासून डी-जी-डी-जी-बी-डी, म्हणजे प-सा-प-सा-ग-प, अशी असते. तारा बारीक बाजूने मोजतात, म्हणून येथे दुसरी तार मुळातच शुद्ध गंधारावर लागलेली असते. साऱ्या तारा एकदम छेडल्या की भरदार मेजर कॉर्ड, म्हणजे सा-ग-प यांचा एकत्र नाद, मिळतो, पण मधला गंधार हवा असेल तर तो तिसऱ्या तारेवर काढून त्याच वेळी शेजारच्या तारांचा नाद बोटांनी थांबवावा लागतो. हे तंत्र नवशिक्याला जड जाते, आणि बरेच जण याच टप्प्यावर कंटाळतात.

मात्र ज्याला डेल्टा ब्लूजचा गायक-वादक सन हाउस याच्या वळणाचे वादन हवे आहे, त्याचे काम तीन तारांवर भागणार नाही. त्याच्या वादनात अंगठा जाड तारांवर ठोका धरतो आणि त्यावर नळीचे कडक, तुटक आघात येतात. त्यासाठी खर्जाच्या तारा आणि धातूचा आवाज दोन्ही लागतात. विजेच्या ध्वनिवर्धकाची सोय नसताना नाचाच्या मैफिलीत गिटार ऐकू जावी, या गरजेतूनच रेझोनेटर जन्माला आली. वाद्यकारागीर जॉन डोपायेरा यांची तीन शंकूंची रचना लॉस एंजेलिसच्या नॅशनल कंपनीने 1927 मध्ये बाजारात आणली, आणि एका शंकूचे स्वस्त नमुने त्यामागोमाग आले. तीन शंकूंचा नाद मऊ आणि लांबणारा असतो, तर एका शंकूचा नाद तीक्ष्ण असून लवकर विरतो. डेल्टा ब्लूजसाठी मी एका शंकूचीच शिफारस करेन. ब्लूज वादक टँपा रेडसारखी एकेका तारेवरची गोड, सुट्या सुरांची धून आवडत असेल, तर तीन शंकूंची रेझोनेटर अधिक शोभते. सोन्याचा मुलामा दिलेली त्याची गिटार तीन शंकूंचीच होती.

पेटीच्या गिटारीमागे गरिबीचा इतिहास आहे, आणि तो आदराने सांगायला हवा. घराच्या भिंतीला एक तार ठोकून तिच्याखाली बाटली सारायची आणि दुसऱ्या बाटलीने सूर काढायचा, हे ‘डिडली बो’ अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मुलांचे पहिले वाद्य असे; ब्लूज गायक-वादक लाइटनिन हॉपकिन्सने लहानपणी सिगारपेटीचीच गिटार बनवली होती. आजही ती घरी बनवता येते. सिगारपेटी मिळाली नाही तरी पातळ झाकणाची कोणतीही लाकडी पेटी चालते, आणि ताण तीनच तारांचा असल्याने पक्क्या लाकडाची सरळ दांडी पुरते. साध्या गिटारीच्या संचातील पाचवी, चौथी आणि तिसरी तार घ्यावी. त्यांतली पाचवी एक पूर्ण सूर, म्हणजे ए वरून जी वर, उतरवली की जुळणी पूर्ण होते.

आवाजात मात्र ती रेझोनेटरच्या जवळपासही येत नाही. चार माणसांसमोर वाजवायचे असेल तर पिकअप, म्हणजे तारांचा कंप टिपून ध्वनिवर्धकाकडे पाठवणारे उपकरण, बसवावाच लागतो.

स्लाइड नव्याने शिकणाऱ्याने आधी तीनतारी घ्यावी आणि नळी पडद्याच्या मागे न धरता बरोबर पडद्यावर धरण्याची सवय हातात बसल्यावर रेझोनेटरकडे वळावे, असा माझा सल्ला आहे. जो आधीच सहातारी गिटार बोटांनी वाजवतो, त्याने थेट रेझोनेटर घ्यायला हरकत नाही. विकत घेताना दांडी गोल आहे याची खात्री करावी, कारण चौकोनी दांडीची रेझोनेटर मांडीवर आडवी ठेवून वाजवण्यासाठी असते आणि तिच्या तारा इतक्या उंच असतात की बोटांनी पडद्यावर दाबताच येत नाहीत.