प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यात पहिलं घर घेताना वीज कुणाकडून घ्यायची हा प्रश्नच नसतो. मुंबईच्या उपनगरांत दोन कंपन्यांचे दर शेजारी ठेवून बघता येतात, इथे घरगुती जोडणी महावितरणची. ठरवायचं असतं ते बाकीचं: स्वयंपाक पाइप गॅसवर, सिलिंडरवर की इंडक्शनवर, गिझर कसला, आणि बंगला किंवा रो हाऊस असेल तर छतावर सोलर किती किलोवॅटचं. हे ठरवायला महिन्याचे युनिट अंदाजे माहीत हवेत. त्यासाठीच हे वॅटमीटर घेतलं जातं. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत सहज मिळतं. सॉकेटमध्ये हे खोचायचं आणि यंत्राचा प्लग ह्याच्यात. व्होल्ट, अँपिअर, वॅट आणि साठत गेलेले युनिट स्क्रीनवर दिसतात.

आठ महिन्यांनंतरचं मत असं: वस्तू कामाची आहे, पण घरातल्या सगळ्यांत मोठ्या दोन खादाडांपर्यंत तिचा हात पोचत नाही.

जिथे पोचतो तिथे उत्तम. फ्रिज हे त्याचं खरं काम. फ्रिजच्या मागे लिहिलेल्या वॅटला २४ तासांनी गुणलं की भलताच आकडा येतो, कारण कॉम्प्रेसर सतत चालत नाही. एक-दोन तास मोजूनही भागत नाही. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारा हीटर दिवसातून एक-दोनदाच लागतो आणि तेवढ्यापुरता आकडा उडी मारतो. सात दिवस लावून ठेवा आणि एकूण युनिटला सातने भागा. स्टार लेबलवर वर्षाला २५० युनिट लिहिलेला फ्रिज हिशेबाने रोज ०.६८ खातो. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये, भिंतीला चिकटवलेला असेल तर, तो ०.९ च्या पुढे गेला तरी नवल नाही. मागे चार बोटं जागा ठेवा आणि परत मोजा, फरक दिसतो.

वॉशिंग मशीनही मोजून बघण्यासारखं. थंड पाण्याच्या धुण्याला युनिटचा लहानसा भाग पुरतो. त्याच मशीनला ४० अंशांवर लावलं की आतला हीटर चालतो आणि एका धुण्याचे आकडे तिपटी-चौपटीने वाढतात.

पंख्याचा प्लग नसतो, तो मोजता येत नाही. पण त्याचा हिशेब सरळ आहे. साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. तीन पंखे दहा तास: साध्याचे महिन्याला ६७ युनिट, बीएलडीसीचे २७. पंखे घराचा ताबा मिळाल्यावरच घेतले जातात, तेव्हाच हा हिशेब करावा.

आता उणिवा. पहिली, पाच वॅटच्या खाली हे बरेचदा शून्य दाखवतं. मोबाइल चार्जर किंवा टीव्हीचा स्टँडबाय ह्याच्यावर मोजू नये. दुसरी, आतली बटण सेल मेली की वीज जाताच साठवलेले युनिट पुसले जातात. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद होते, त्यामुळे मोजमाप सातऐवजी सहा दिवसांचं धरायचं: गुरुवारी रात्री सुरू करायचं, बुधवारी रात्री फोटो काढून ठेवायचा आणि सहाने भागायचं. सेल स्वस्त आहे, आधीच बदलून टाका. तिसरी, रुपये दाखवणारं बटण निरुपयोगी. त्यात एकच दर भरता येतो, आपलं बिल मात्र ०-१००, १०१-३००, ३०१-५०० अशा टप्प्यांत वाढतं, वर वहन आकार, स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. ते बटण विसरा, युनिट तेवढे बघा.

चौथी खोट धोक्याची. वर १६ अँपिअर छापलेलं असतं, आत मात्र सगळ्या प्रकारच्या पिना घेणारं सैल सॉकेट असतं. २००० वॅटचा गिझर साडेआठ-नऊ अँपिअर ओढतो आणि सैल पिनेच्या जोडावर प्लास्टिक तापतं. त्यावर दहा मिनिटं चालवा, स्विच बंद करून प्लग काढा आणि पिनांना हात लावा. चटका बसला तर गिझर आणि इस्त्री त्यावर पुन्हा नको.

गिझरला मोजण्याची गरजही नाही. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला ०.७ युनिट लागतात, म्हणजे २००० वॅटच्या गिझरला वीस-बावीस मिनिटं. त्यात टाकीतून निसटणारी उष्णता मिळवा. दोघांच्या आंघोळी धरून डिसेंबर-जानेवारीत दिवसाला सव्वा युनिट धरायला हरकत नाही. मेमध्ये नळाचंच पाणी कोमट, तेव्हा हा आकडा तिसऱ्या हिश्श्यावर येतो.

एसी ह्या यंत्रावर येतच नाही, त्याचा पॉइंट स्वतंत्र एमसीबीवर (बोर्डातल्या सुरक्षा-स्विचवर) असतो. त्यासाठी पार्किंगमधल्या मीटर रूममध्ये जावं. महावितरणच्या मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ असं काहीतरी छापलेलं असतं. ३२०० लुकलुकींना एक युनिट. मोबाइलवर दहा लुकलुकींना लागलेले सेकंद मोजा आणि ११,२५० ला त्या सेकंदांनी भागा, उत्तर वॅटमध्ये. फ्रिज आणि राउटर सोडून सगळं बंद असताना ९० सेकंद लागले, तर १२५ वॅट. गिझर लावल्यावर ५.३ सेकंद लागले, तर २१२० च्या आसपास. वजाबाकी करा, गिझर २००० चाच निघतो. मीटरवरचा आकडा १६०० असेल तर भागाकार २२,५०० ला.

एसीचा आकडा अशा एका क्षणावर मात्र ठरवू नका. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी सुरुवातीला दीड हजार वॅट ओढतो आणि खोली गार झाल्यावर अर्ध्याच्या खाली उतरतो. रात्री दहाचं आणि सकाळी सहाचं वाचन, एक रात्र एसीसह आणि एक रात्र एसीविना. लेबलवरचे वार्षिक युनिट १६०० तासांसाठी असतात, त्यांना १६०० ने भागून तासाचा आकडा काढा आणि आपल्या वजाबाकीशी पडताळा.

ह्या सगळ्याची बेरीज एका टू-बीएचकेची, एसी न धरता: फ्रिज २७, साधे पंखे ६७, गिझर ३९, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स १२, राउटर ७, दिवे ८, इस्त्री, धुणं, मिक्सर आणि पाण्याचं फिल्टर मिळून १३. साधारण १७३ युनिट. मेमध्ये गिझर २६ ने उतरतो, पण एसी आठ तास आणि तासाला ०.६ धरला तर १४४ चढतात आणि ३०० ची रेघ समोर येते. रेघ ओलांडली की सगळं बिल महागतं हा समज चुकीचा आहे, वरचे युनिट तेवढेच वरच्या दराने लागतात. आणि एका महिन्याला बाराने गुणू नका. रीसेल फ्लॅट असेल तर आधीच्या मालकाचं बिल मागा, त्यावर गेल्या महिन्यांचा वापर छापलेला असतो.

गॅस हाच खरा निर्णय. १४.२ किलोचा सिलिंडर ४५ दिवस पुरत असेल, तर पाइप गॅसमध्ये तो साधारण १७-१८ एससीएम (पाइप गॅस मोजायचे घनमीटर), म्हणजे महिन्याला बारा. तेच सगळं इंडक्शनवर नेलं तर एका सिलिंडरचे १३०-१४० युनिट होतात, महिन्याला नव्वदच्या आसपास. ते मेच्या, एसी धरलेल्या बेरजेवर चढवले की वापर ३८० युनिटच्या आसपास पोचतो, आणि हे जादा युनिट जवळजवळ सगळे वरच्या टप्प्यातले असतात. सोसायटीत महाराष्ट्र नॅचरल गॅसची पाइपलाइन असेल तर मुख्य स्वयंपाक तिच्यावर आणि दुधा-चहापुरतं इंडक्शन, हे बरं.

सोलरचा हिशेब ह्याच बेरजेवरून. एक किलोवॅटला पुण्यात रोज सरासरी चार युनिट, पावसाळ्यात कमी. बंगल्याला २०० युनिट लागत असतील तर दोन किलोवॅट पुरतात. पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये आणि तीन किंवा त्याहून जास्तला ७८,००० रुपये अनुदान आहे. फ्लॅटवाल्यांना छत सामायिक, त्यांच्यासाठी सोसायटीचा लिफ्ट-पंपाचा प्रकल्प हा सरळ मार्ग.

हे वॅटमीटर एकट्याने विकत घ्यावं असं नाही. मजल्यावरच्या चार घरांत मिळून एक पुरतं, कारण प्रत्येकाला ते दोनच आठवडे लागतं. घेताना दुकानातच मोठ्या पिनांचा प्लग त्यात खोचून हलवून बघा. डुगडुगला तर दुसरं वॅटमीटर मागा.