कॅरिबियन क्रूझवर मोबाइल: जहाजाचं वायफाय, रोमिंग, ई-सिम की सरळ एअरप्लेन मोड?

शार्लट अमालीच्या धक्क्यावरून जहाज सुटलं तेव्हा बाबा वरच्या डेकवर कठड्याला टेकून दिवसभराचे फोटो चाळत होते. सेंट थॉमस हे अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांपैकी एक, त्यामुळे त्यांचं अमेरिकी सिम तिथे घरच्यासारखंच चाललं होतं. पण आदल्या दिवशी सेंट मार्टिनला डे पास (एका दिवसापुरता रोमिंगचा पास) वापरायला आम्ही डेटा रोमिंग चालू केलं होतं, ते तसंच राहिलं. तासाभरात बेट मागे पडलं, तिथला टॉवर सुटला आणि फोनने आपणहून जहाजाचं नेटवर्क पकडलं. दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढायला लागले. महिनाअखेरीला त्या एका संध्याकाळचं बिल आलं २८६ डॉलर.

बाबांनी एकही फोन केला नव्हता, कोणाचा घेतला नव्हता. ते बिल त्यांना इतकं लागलं की त्यानंतर कितीतरी दिवस ते फोनला हात लावायला बिचकायचे. तेव्हापासून क्रूझला निघालेलं कोणी भेटलं की मी आधी फोनचं विचारते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: समुद्रातला फोन आणि बेटावरचा फोन हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बेटावर उत्तम चालणारा पास किंवा ई-सिम (कार्डाशिवाय, इंटरनेटवरून फोनमध्ये घालायचं सिम) समुद्रात उपयोगाचा नाही, आणि जहाजाचं वायफाय बेटावर तुमच्यासोबत येत नाही. एकच उपाय सगळ्या प्रवासाला पुरेल असं धरून चाललं की पैसे जातात.

जहाजावर असताना

जहाजावर दोन वेगळ्या सोयी असतात आणि लोक नेमकी त्यांचीच गल्लत करतात. एक जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क. जहाजावर छोटे टॉवर बसवलेले असतात आणि ते उपग्रहामार्फत जगाशी जोडलेले असतात. फोनच्या कोपऱ्यात 'सेल्युलर ॲट सी' किंवा नुसतं '९०१ १८' दिसलं तर समजा की फोन त्यावर गेला. जहाज बंदरात किंवा किनाऱ्याजवळ असताना हे सहसा बंद ठेवतात आणि खुल्या समुद्रात गेलं की चालू करतात. त्यामुळे जहाज सुटल्यानंतरचे एक-दोन तास सगळ्यात धोक्याचे. आपण डेकवर सूर्यास्ताचे फोटो काढत असतो आणि फोनकडे कोणाचंच लक्ष नसतं.

पॅकेज नसेल तर ह्या नेटवर्कवर एका एमबीला दोन डॉलरच्या आसपास दर लागल्याची उदाहरणं आहेत. फोनमधला एक चांगला फोटो तीन-चार एमबीचा, म्हणजे सहा-आठ डॉलर. एका मिनिटाचा साधा एचडी व्हिडिओ साठ एमबीच्या घरात जातो. तो आपोआप चढला तर सव्वाशे डॉलर गेले. बोलण्याचेही मिनिटाला दोन-तीन डॉलर पडतात. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या आता क्रूझसाठी वेगळे पास देतात, साधारण वीस डॉलर रोज, आणि त्यात वेगवान डेटा मोजकाच असतो. एखाद्या दिवशी स्वतःच्याच नंबरवरून बोलणं अगदी गरजेचं असेल तर असा पास ठीक आहे. आठवडाभर घ्यावा असं मला मुळीच वाटत नाही.

दुसरी सोय म्हणजे जहाजाचं वायफाय. हे पूर्वी रडतखडत चालायचं, कारण सिग्नल जवळपास ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला जाऊन यायचा. २०२२ मध्ये रॉयल कॅरिबियनने आणि मग कार्निव्हलने आपल्या जहाजांवर स्टारलिंकचं उपग्रह इंटरनेट आणायला सुरुवात केली. त्याचे उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास फिरतात. फरक जमीन-अस्मानाचा आहे: व्हिडिओ कॉलवर समोरच्याचं तोंड आणि आवाज आता एकत्र हलतात. दर मात्र एका उपकरणाला दिवसाला पंधरा ते तीस डॉलरच्या दरम्यान. निघायच्या आधी कंपनीच्या साइटवरून घेतलं तर बहुतेक वेळा स्वस्त पडतं. स्वस्तातल्या पॅकेजवर व्हिडिओ कॉल चालत नाही असं बऱ्याचदा होतं, तेव्हा नुसता दर न बघता त्यात काय चालतं तेही वाचा.

चौघांच्या कुटुंबाने चार पॅकेजेस घ्यायची गरज नसते. एकाच उपकरणाचं पॅकेज बहुतेक जहाजांवर एका फोनवरून बाहेर पडून दुसऱ्यावर सुरू करता येतं, फक्त एका वेळी एकच चालतं. आम्ही पुढच्या खेपेला एकच घेतलं. सकाळचा अर्धा तास आईचा, तिच्या बहिणीशी बोलायला, संध्याकाळ माझी. सात दिवसांचे वीसच्या दराने १४० डॉलर झाले. चौघांची वेगळी घेतली असती तर ५६० झाले असते.

पैसे भरायचे नसतील तर? जहाजाचं स्वतःचं ॲप जहाजाच्या वायफायवर इंटरनेट पॅकेजशिवायही चालतं. त्यात दिवसाचा कार्यक्रम, जेवणाचं बुकिंग, बिल हे सगळं दिसतं. जहाजावर एकमेकांना निरोप पाठवायची सोयही बऱ्याच ॲपमध्ये असते, कुठे फुकट तर कुठे अगदी थोड्या पैशांत. तीन हजार माणसांत मुलं कुठल्या डेकवर आहेत ते कळायला एवढं पुरतं.

आणि एक गोष्ट अजूनही पुष्कळांना ठाऊक नसते: एअरप्लेन मोड चालू ठेवून वायफाय वेगळं चालू करता येतं. जहाजावर फोन कायम ह्याच अवस्थेत हवा.

बेटावर उतरल्यावर

इथे निवड कठीण होते, कारण कॅरिबियन हा एक देश नाही. आठवड्याच्या प्रवासात तीन-चार थांबे असतील तर तीन-चार वेगळे देश, वेगळ्या कंपन्या, वेगळे नियम.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आपल्या कंपनीचा डे पास. अमेरिकी सिमला दिवसाला बारा डॉलरच्या आसपास पडतो आणि आपला नंबर जसाच्या तसा चालतो. बँकेचा ओटीपी येणार असेल, वयस्कर माणसं सोबत असतील, तर हाच घ्या. टी-मोबाइलच्या बऱ्याच प्लॅनमध्ये परदेशात संथ डेटा पैसे न देता मिळतो. निरोप आणि नकाशापुरता तो पुरतो, पण समुद्रातल्या नेटवर्कला तो लागू नाही. इतर देशांतलं सिम असेल तर आपल्या पॅकच्या यादीत प्रत्येक बेटाचं नाव आहे का ते एकेक करून तपासा. 'कॅरिबियन' असा मोघम शब्द वाचून समाधान मानू नका.

ई-सिम स्वस्त पडू शकतं आणि मला ते आवडतं, पण कोणाला ते बघून. फोन कंपनीच्या लॉकमधून मोकळा हवा. एकापेक्षा जास्त बेटांवर थांबणार असाल तर सगळ्या बेटांचं मिळून एक ई-सिम मिळतं. युरोपच्या ई-सिमच्या मानाने ते महाग वाटेल, कारण इथे प्रत्येक बेटाची बाजारपेठ चिमुकली आहे. बहुतेक ई-सिम फक्त डेटाचं असतं, त्याला नंबर नसतो. व्हॉट्सॲपवरच बोलणाऱ्याला तो अडसर नाही. ते घरून निघतानाच फोनमध्ये घालून ठेवा, कारण घालायलाही इंटरनेट लागतं. शिवाय मूळ सिमचं डेटा रोमिंग बंद आणि ई-सिमचं चालू, ही जोडी नीट बघून घ्या. उलटं झालं तर वाचवलेले पैसे एका दुपारीत जातात.

स्थानिक सिमचा विचार मी सोडून दिला आहे. डिजिसेल आणि फ्लो ह्या दोन कंपन्या बऱ्याच बेटांवर आहेत, बहामाजमध्ये बीटीसी आणि अलिव्ह आहेत. बार्बेडोसला पंधरा दिवस राहणाऱ्याने जरूर घ्यावं. पण बेटावर आपल्या हातात सहा-सात तास असतात. त्यातला एक तास पासपोर्ट घेऊन दुकानात उभं राहण्यात घालवायचा आणि उद्या दुसऱ्या देशात जायचं, ह्यात काही मतलब नाही. अमेरिकेत घेतलेल्या आयफोन १४ आणि पुढच्या फोनना तर सिमची खाचच नसते.

फुकट वायफाय बंदराजवळच्या कॅफेत मिळतं. जहाजाचे कर्मचारी कुठे बसलेत ते बघा. महिनोन् महिने घरापासून लांब असलेली ही मुलं बंदराला लागलं की घरी बोलायला चांगलं वायफाय हुडकतात. त्यांची जागा सहसा चुकत नाही. तिथे घरच्यांशी बोला, बँकेचं काम मात्र नको.

नकाशाला नेटवर्क लागतंच असं नाही. बेटाचा नकाशा आधी उतरवून घेतला की एअरप्लेन मोडमध्येही जीपीएसचा निळा ठिपका रस्त्यावरून आपल्याबरोबर सरकत राहतो. निव्वळ वाट चुकू नये म्हणून पास घेणार असाल तर तो वाचला.

बेट बघून ठरवा

पोर्टो रिको आणि अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांवर अमेरिकी सिमला सहसा काहीच जास्त लागत नाही. कोझुमेल मेक्सिकोत, अमेरिकेच्या मोठ्या कंपन्यांच्या बहुतेक अनलिमिटेड प्लॅनमध्ये मेक्सिको धरलेला असतो. मार्टिनिक आणि ग्वाडेलूप फ्रान्सचे भाग असल्याने युरोपीय संघातल्या सिमला २०१७ पासून तिथे रोमिंगचे वेगळे पैसे नाहीत.

घोळ होतो तो सीमेवर. सेंट थॉमसहून फेरीने सेंट जॉनला गेलात की त्याच्या उत्तर आणि पूर्व किनाऱ्यावर फोन समोरच्या ब्रिटिश व्हर्जिन बेटांचा टॉवर पकडतो. तुम्ही अमेरिकेच्या वाळूत बसलेले आणि फोन परदेशात. ह्या दोन बेटांवर अमेरिकी सिमचं डेटा रोमिंग बंदच ठेवा.

सेंट मार्टिनचं तर बेट एक आणि बाजू दोन. जहाजं लागतात फिलिप्सबर्गला, डच बाजूला; तिथला कोड +१ ७२१. टॅक्सीने ओरिएंट बे किंवा मारिगोला गेलात की फ्रेंच बाजू, कोड +५९०. मध्ये तपासणी नाका नाही, पण एका बाजूहून दुसऱ्या बाजूला केलेला फोन आंतरराष्ट्रीय ठरतो. युरोपची रोमिंग सवलत फ्रेंच बाजूला आहे, डच बाजूला नाही. पास किंवा ई-सिम घेताना दोन्ही नावं यादीत असल्याची खात्री करा.

नंबरांबद्दलही सांगायला हवं. जमैका ८७६, बहामाज २४२, बार्बेडोस २४६, सेंट लुसिया ७५८: ह्या सगळ्यांच्या आधी +१ येतो, म्हणून ते अमेरिकेतल्याच नंबरांसारखे दिसतात. पण ते वेगळे देश आहेत. टॅक्सीवाल्याने दिलेला नंबर अमेरिकी सिमवरून फिरवण्याआधी व्हॉट्सॲपवर आहे का बघा. बहुतेक वेळा असतो.

घड्याळ

पैशापेक्षा मला ह्याची जास्त धास्ती वाटते. फोन बेटाच्या टॉवरला जोडला की त्याचं घड्याळ आपोआप बेटाच्या वेळेवर जातं. जहाज मात्र आपल्याच वेळेवर चालू शकतं.

जमैकात आणि केमन बेटांवर उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, मायामीत करतात. म्हणजे जुलैत मायामीहून निघालेलं जहाज मायामीच्या वेळेवर राहिलं, तर त्याचे साडेचार वाजलेले असताना तुमच्या फोनमध्ये साडेतीनच वाजलेले असतील. परतायची शेवटची वेळ साडेचारची. तुम्ही अजून तासभर आहे म्हणून बाजारात रेंगाळता आणि तिकडे जिना उचलायची तयारी सुरू होते. हिवाळ्यात पूर्वेकडच्या बेटांवर उलटं होतं: तिथे फोन जहाजाच्या तासभर पुढे असतो, तेव्हा तुम्ही फार तर लवकर परत याल. जहाजाची वेळ बदलणार असेल तर आदल्या रात्री कळवतात, ते ऐका. फोनमधली आपोआप वेळ बदलायची सोय बंद करा, नाहीतर सरळ मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा. आई-बाबांना आम्ही साधी घड्याळंच दिली.

मग घ्यायचं काय?

सुट्टीत कामाचे कॉल करावे लागणार असतील तर जहाजाचं वरच्या दर्जाचं वायफाय घ्या आणि बेटावर डे पास. काटकसर इथे करू नका. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस ठेवून आला असाल तरी हेच. नुसतं 'पोहोचलो, मजेत आहोत' एवढंच कळवायचं असेल तर समुद्रात एअरप्लेन मोड आणि बेटावर एकाच्या फोनमध्ये ई-सिम, त्यावरून बाकीच्यांना हॉटस्पॉट. चौघे एकत्रच फिरणार असाल तर ह्यापेक्षा स्वस्त काही नाही. वेगवेगळे फिरणार असाल तर निदान दोन फोन चालू हवेत. वयस्कर माणसांच्या फोनमध्ये ई-सिमचा खटाटोप करू नका. डे पास द्या, आणि जहाजावर परत चढताना, जिन्याशी कार्ड दाखवायच्या रांगेतच, त्यांचा फोन हातात घेऊन एअरप्लेन मोड लावा. नंतर लावू म्हटलं की राहतं. फोटो आपोआप क्लाउडवर चढायची सोय घरूनच बंद करून निघा.

आणखी एक काम फोनशिवाय करायचं. जहाजावर रोज मिळणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत त्या बंदरातल्या जहाजाच्या प्रतिनिधीचा नंबर छापलेला असतो. कागदी पत्रिका खोलीत येत नसेल तर स्वागतकक्षातून मागून घ्या. त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा, पण नंबर कागदावर लिहून पाकिटातही ठेवा. जहाज चुकलं, फोनची बॅटरी संपलेली असली, तरी तो कागद कुठल्याही दुकानदाराला दाखवून त्याच्या फोनवरून बोलता येतं. बाबांच्या पाकिटात कुरासावचा असा एक कागद अजून आहे.