प्लॅस्टिकच्या मॉडेल मोटारीला रंग देताना : हार्डवेअरचा डबा, हॉबी स्प्रे की एअरब्रश?

कोल्हापुरात १:२४ प्रमाणाची मोटार जोडायला घेणाऱ्याला बॉडी हातात आल्यावर पहिला प्रश्न पडतो तो प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा. लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून गाड्यांसाठीचा प्रायमर स्प्रे आणावा, तामिया किंवा मिस्टर सरफेसरसारखा मॉडेलसाठीचाच हॉबी प्रायमर मागवावा, की एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे पेन) आणि काँप्रेसर घ्यावा, असे तीन मार्ग समोर असतात. माझ्या मते निवड करताना किमतीइतकाच विचार रंगाच्या जाडीचा आणि आपल्याकडच्या पावसाळ्याचा केला पाहिजे.

आधी जाडीचे पाहू. खऱ्या गाडीच्या दरवाजाभोवतीची फट साधारण ४ मिलिमीटर असते. २४ पटींनी लहान केली, तर ती ०.१७ मिलिमीटरच्या आसपास भरते. साच्यात ती थोडी रुंद धरलेली असते, हे खरे. तरीही प्रायमर, रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मिळून ०.१ मिलिमीटरचा थर बसला, तर खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटर जाडीचा लेप थापल्यासारखे दिसते. दरवाजाची रेघ बुजते, बोनेटवरचे चिन्ह गोलसर होते आणि मोटार खेळण्यासारखी भासू लागते.

हार्डवेअरचा डबा स्वस्त असतो आणि लगेच मिळतो, पण तो पत्र्यासाठी बनवलेला असतो. त्याचे नोझल भरपूर रंग एकदम फेकते आणि त्यातले तीव्र थिनर मॉडेलच्या प्लॅस्टिकला, म्हणजे पॉलिस्टायरीनला, विरघळवू शकते. माझ्या दुसऱ्याच मॉडेलच्या बोनेटवर मी असा करडा प्रायमर एका हातात पूर्ण झाकेल इतका मारला होता. दहा मिनिटांनी उजेडात तिरके धरून पाहिले, तेव्हा पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे उमटले होते आणि बोनेटची कड नखाने दबत होती. तो भाग वाचला नाही. काहींचे काम या डब्यावरही निभावते, याची मला कल्पना आहे. मात्र डब्यावर थिनरचे घटक सहसा स्पष्ट लिहिलेले नसतात आणि बॉडी सुटी विकत मिळत नाही, म्हणून उघड्या प्लॅस्टिकवर तो मारू नये, असेच मी सांगेन.

हॉबी प्रायमरही सहसा लॅकरच (थिनर उडून झटपट वाळणारा रंग) असतो, पण त्याचे द्रावक प्लॅस्टिकला जेमतेम चावते, त्यामुळे पकड येते आणि आकार बिघडत नाही. मिस्टर सरफेसरवरचा आकडा जितका मोठा तितका कण बारीक. ५०० खड्डे भरायला, १००० सर्वसाधारण कामाला आणि चकचकीत मोटारीसाठी १२०० किंवा १५०० घ्यावा. लाल, पिवळ्या रंगाखाली पांढरे किंवा गुलाबी अस्तर चांगले, कारण करड्यावर हे रंग मळकट दिसतात. बॉडीचे प्लॅस्टिकच लाल असेल, तर त्याचा रंग वरच्या पांढऱ्यात उतरतो, म्हणून आधी चंदेरीचा एक पातळ हात द्यावा. पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन प्रायमरला वास कमी असतो, त्यामुळे घरात लहान मुले असतील तर त्याचा मोह होतो. पण वॉटर पेपरने घासताना तो रबरासारखा सोलून निघतो आणि त्यावर लॅकर मारल्यास सुरकुत्या पडू शकतात. मोटारीला गुळगुळीतपणाच हवा असल्याने तो माझ्या पसंतीस उतरत नाही.

हॉबी स्प्रेची अडचण दोन ठिकाणी येते. दाबाखालचे ज्वलनशील डबे साध्या हवाई टपालाने येत नाहीत, त्यामुळे ते मागवायला वेळ लागतो. दुसरी अडचण पावसाची. जून ते सप्टेंबर इथली हवा ओली असते. थिनर झरझर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प धरते आणि चकाकणाऱ्या रंगावर दुधासारखी पांढरी झाक येते. प्रायमरवर ती फारशी बाधत नाही, पण वरच्या काळ्या किंवा गडद निळ्या रंगाची तिने रया जाते. डब्यात आपल्याला काहीच मिसळता येत नाही, म्हणून स्प्रेवर भिस्त असलेल्याने ऑक्टोबर ते मे हाच रंगाचा हंगाम मानावा.

एअरब्रशचे खरे मोल इथे कळते. थिनरमध्ये थोडा रिटार्डर (वाळणे लांबवणारे द्रावक) घालून रंग सावकाश वाळवता येतो, ०.३ मिलिमीटरच्या नोझलने १५ ते २० पीएसआय दाबावर पातळ हात देता येतात आणि रेघा उघड्या राहतात. काँप्रेसर घेताना टाकी आणि पाणी अडवणारा ट्रॅप असलेलाच घ्यावा, कारण पावसाळ्यात ट्रॅपच्या तळाशी खरोखरच पाणी साचलेले दिसते. खर्च मोठा आहे, प्रत्येक रंगानंतर सफाईचा कंटाळा आहे आणि हात बसायला दोन-तीन मॉडेल जातात. वर्षाला एक-दोन मोटारी करणाऱ्याने या खर्चात पडू नये. त्याला हॉबी प्रायमरचा आणि रंगाचा डबा पुरेसा आहे. भांड्याच्या साबणाने धुऊन वाळवलेल्या बॉडीवर, डबा कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून, वीतभर अंतरावरून आधी नुसता शिडकावा आणि मग दोन ओलसर हात दिले, तर फारसे काही बिघडत नाही.

एअरब्रश असणाऱ्याला मात्र कोल्हापुरात एक जास्तीची सोय आहे. उद्यमनगरच्या परिसरात गाड्यांचे डेंटिंग-पेंटिंग रोज चालते, त्यामुळे खऱ्या गाडीच्या रंगाच्या कोडवरून तोच रंग मिसळून घेता येतो. हा रंग हॉबी प्रायमरच्या अस्तरावरच आणि अगदी पातळ हातांनी मारावा. हार्डनर घालायचे टू-के क्लिअर घरात वापरू नये, त्यातले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते. साध्या लॅकरसाठीही खिडकी उघडी आणि तोंडावर कार्ट्रिजचा मास्क हवा, कापडी नव्हे. रंग आणल्यावर प्लॅस्टिकच्या दोन पांढऱ्या चमच्यांच्या पाठीवर तो प्रायमरसह मारून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावा. नखाने रंग निघाला नाही आणि चमचा कुठे दबला किंवा तडकला नाही, तरच तो बॉडीवर मारायला घ्यावा.