गीथूर्न: दुपारी जत्रा, रात्री गाव

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतली बरीच पोरं आता आइंडहोवन, ॲम्स्टरडॅमकडे नोकरीला आहेत, आणि नवतपा (मेअखेरचं कडक ऊन) टाळायला त्यांचे आईवडील महिना-दीड महिना तिकडे राहून येतात. त्या मुक्कामात एखाद्या शनिवारची सहल ठरलेली असते ती गीथूर्नची, म्हणजे रस्त्यांऐवजी कालवे असलेल्या गावाची. तिथे जावं का, हे तुम्ही किती वाजता पोचणार यावर आहे. सकाळी ११ ला उतरून दुपारी ४ ला परत फिरणार असाल तर ५ पैकी २ गुण. एक रात्र राहणार असाल तर साडेचार. उरलेला अर्धा जेवणात कापला.

गाव हॉलंडच्या ओव्हरआयसेल प्रांतात, वायव्येच्या कोपऱ्यात आहे. वस्ती तीन हजारांच्या आत, लाकडी पूल १७० च्या वर, आणि वर्षाला लाखो पाहुणे. मुख्य कालवा एकच, त्याच्या काठाने पायवाट एकच, आणि तीही दोन सायकली जेमतेम जातील एवढी. टूरच्या बसेस येतात त्या साधारण ११ नंतर. मग कालव्यात बोटीला बोट लागते, आणि त्यातल्या निम्म्या चालवणाऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सुकाणू धरलेलं असतं. संध्याकाळी ५-६ पर्यंत भाड्याच्या बोटी परत द्याव्या लागतात, बसेस निघून जातात. जूनमध्ये तिकडे सूर्य रात्री १० च्या सुमारास मावळतो, म्हणजे जेवणाआधी आणि नंतर मिळून तीन-चार तासांचा उजेड मुक्कामी माणसाच्या वाट्याला येतो. सकाळी ६ ते ९ चंही तेच. ज्याला शांत गाव म्हणतात ते या वेळांत असतं, एरवी नाही.

नवेगावबांध किंवा आपल्या गावचा मामा (माजी मालगुजारी) तलाव पाहत मोठा झालेला माणूस इथलं पाणी पाहून आधी पाळ शोधतो. पाळ नाहीच. आपल्याकडे उतारावर पाळ घालून पाणी मुद्दाम अडवलं, धानासाठी. इथे सपाट दलदल होती आणि लोकांना पाणी नको होतं, जळण हवं होतं. हजारो वर्षं कुजून दबलेल्या पाणवनस्पतींचा थर, म्हणजे पीट, वाळला की चांगला जळतो. शहरांच्या चुली आणि भट्ट्या त्यावर चालत. कामाची पद्धत अशी: लांब दांड्याला जाळी लावून पाण्याखालचा पीटचा गाळ उपसायचा, शेजारच्या जमिनीच्या पट्टीवर पसरायचा, पाणी निथळलं की विटांसारखे तुकडे पाडून वाळवायचे. त्यामुळे एक चर, एक पट्टी, पुन्हा चर, पुन्हा पट्टी अशी रचना झाली. ती आजही उपग्रहाच्या नकाशावर कंगव्याच्या दातांसारखी दिसते.

चूक झाली ती हावेपोटी. जास्त पीट मिळावं म्हणून चर रुंद केले, मधल्या पट्ट्या बारीक ठेवल्या. १७७६ आणि १८२५ च्या वादळी पुरांत झाउडरझी या तेव्हाच्या आतल्या समुद्राचं पाणी आत घुसलं, पट्ट्या वाहून गेल्या, चर एकमेकांत मिळाले आणि सरोवरं तयार झाली. ब्यूलाके नावाचं गाव त्यात गेलं. त्या जागेवरच्या सरोवराचं नाव ब्यूलाकरवाइडे. गीथूर्नला लागून असलेलं सरोवर बोवनवाइडे. ते मोठं दिसतं, पण खोली साधारण मीटरभर. तिथे बोट बुडण्यापेक्षा काठाच्या गाळात रुतण्याचेच प्रकार जास्त.

हे माहीत असलं की गावातल्या बाकी गोष्टींचा अर्थ लागतो. कालवे पीट वाहून न्यायला खणले. पूल एवढे उंच का, तर गवताचा भारा लादलेली नाव खालून जायला हवी. बहुतेक पूल एकेका घरापुरते आहेत, म्हणजे खासगी. पलीकडे कुणाचं तरी अंगण आहे, सार्वजनिक बाग नाही. फोटोसाठी त्यावर चढणारे पाहुणे हीच तिथल्या लोकांची मोठी तक्रार आहे, आणि ती रास्त आहे.

पोचायचं कसं? स्किपोल विमानतळावरून किंवा ॲम्स्टरडॅमहून रेल्वेने स्टेनवाइक. लेउवार्डनला जाणारी थेट गाडी मिळाली तर बदल नाही, नाहीतर झ्वोले स्टेशनावर बदलायची. दीड-दोन तास लागतात. स्टेनवाइक स्टेशनाबाहेरून ७० नंबरची बस गीथूर्नला जाते, पंधरा-वीस मिनिटांत. अडचण बसची आहे: ती शहरासारखी दर दहा मिनिटांनी नाही, आणि रविवारी व संध्याकाळी फेऱ्या कमी होतात. ९२९२ नावाच्या ॲपवर परतीची शेवटची बस आधी पाहून ठेवा. गावात अनेक थांबे आहेत. मुक्कामाच्या जागेजवळचा कोणता ते यजमानाला विचारा, नाहीतर बॅग ओढत दीड-दोन किलोमीटर चालणं होतं.

तिकिटाची रांग नाही. कॉन्टॅक्टलेस चिन्ह असलेलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड यंत्राला टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं. इथे आपली माणसं तीन ठिकाणी अडकतात. एक, एका कार्डावर एकच माणूस. नवराबायकोला दोन कार्डं लागतात. दोन, भारतीय बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस या दोन्ही सोयी ॲपमधून वेगवेगळ्या चालू कराव्या लागतात. एक चालू केली म्हणजे दुसरी होत नाही. तीन, उतरताना कार्ड टेकवायचं राहिलं की प्रवास अर्धवट धरून जास्त पैसे कापले जातात. गावातही बऱ्याच दुकानांत रोख घेत नाहीत, फक्त कार्ड.

आता बोट. दोन पर्याय आहेत. चालकासह मोठ्या बंदिस्त बोटीतून तासाभराची फेरी, माणशी दहा ते पंधरा युरोच्या आसपास. गुडघे दुखणाऱ्यांना आणि पावसात हीच बरी, पण ती सगळ्यांच्या वाटेने जाते. दुसरा पर्याय म्हणजे विजेवर चालणारी छोटी बोट, जिला तिथे कुजबुजती बोट म्हणतात, कारण मोटारीचा आवाज जवळपास येत नाही. परवाना लागत नाही. १५ मीटरपेक्षा लहान आणि ताशी २० किलोमीटरच्या आतल्या बोटीला त्या देशात तो नाहीच. ओळखपत्र आणि अनामत मात्र मागतात. घ्यायची तर किमान दोन तासांसाठी. एका तासात गावचा कालवा आणि सरोवराचा तुकडा कसाबसा होतो, आणि अर्धं लक्ष घड्याळाकडे राहतं. शेजारच्या द्वार्सग्राख्त गावापर्यंत जायचं असेल तर तीन-चार तास धरा.

चालवायचं तंत्र सोपं आहे, फक्त ते कोणी नीट सांगत नाही. मागे हातदांडा असेल तर तो डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. चाक असेल तर मोटारगाडीसारखं. बोटीला ब्रेक नसतो. थांबायचं तर आधी वेग काढायचा, मग उलटा गिअर, आणि हे धडकेच्या जागेपासून तीन-चार बोटींच्या लांबीइतकं आधी करायचं. नवखे लोक एकदम पूर्ण वळवतात, मागचा भाग फिरतो आणि बोट कालव्यात आडवी होते. मागच्या दहा बोटी अडतात. वळण थोडं-थोडं द्यायचं. उजवी बाजू धरायची, एकेरी वाहतुकीच्या पाट्या पाळायच्या, वेग ताशी ६ किलोमीटरच्या आत. काठाच्या लाकडाला बोट घासली तर काही होत नाही, पण बोटीच्या काठावर ठेवलेला हात दोन बोटींच्या मध्ये सापडला तर बोटं चिरडतात. लहान पोरांना हे चढण्याआधीच सांगा.

खरी परीक्षा सरोवरावर. कालव्यात झाडं आणि घरं वारा अडवतात, बोवनवाइडेवर काहीच नाही. बोट सपाट तळाची आणि हलकी असल्याने वारा तिला आडवी ढकलतो. नाक वाऱ्याकडे ठेवून तिरकं ओलांडायचं. जाताना वारा पाठीशी असेल तर परतीला दुप्पट वेळ धरायचा. भाड्याने देणारे नकाशावर हद्द आखून देतात, ती ओलांडू नये. ज्याने गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात किंवा एखाद्या तलावात धिवरांचा डोंगा जवळून पाहिला आहे, त्याला तिथली पारंपरिक लाकडी नाव, पुंटर, बांबूसारख्या लांब काठीने ढकलताना पाहायला आवडेल. तीही भाड्याने मिळते, पण तिला हात बसायला वेळ लागतो.

गर्दी नको असेल तर खरं जायचं ठिकाण शेजारचं द्वार्सग्राख्त आहे. तसेच कालवे, तशीच गवती छपरं, दुकानं जवळपास नाहीत. सायकलने अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. उत्तरेला कालेनबर्गही असंच. सायकलमार्गांवर चौकाचौकांत आकडे लावलेले असतात. हव्या त्या आकड्यांची यादी कागदावर लिहून घेतली की मोबाइलची गरज नाही. सायकल घेताना दोन गोष्टी तपासा: सीट खाली करून घ्या, ती डच उंचीवर असते, आणि ब्रेक कुठे आहे ते विचारा. अनेक सायकलींना तो पायात असतो, पायडल उलटं फिरवलं की चाक थांबतं. आपल्या सवयीने कोणी सहज उलटं पायडल मारलं तर तोंडावर पडतं.

हा सगळा भाग वेरिबेन-वीडेन या राष्ट्रीय उद्यानात येतो, सुमारे १० हजार हेक्टर. हे जंगल असंच सोडून दिलेलं नाही. हिवाळ्यात बोरू कापतात, तो छपरांना जातो. कापला नाही तर काही वर्षांत त्यात झाडं उगवून पाणथळ बुजते. वापर थांबलेल्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, बेशरमाची झुडपं माजतात ते आपण पाहतोच. पाणमांजर त्या देशातून १९८८ मध्ये संपलं होतं. २००२ पासून इथेच पुन्हा सोडलं. दिसण्याची आशा धरू नका, ते रात्रीचं जनावर आहे. जांभळा बगळा मात्र दिसतो, आपल्या तलावांवर असतो तोच. तांबड्या पंखांच्या एका दुर्मीळ फुलपाखराची डच उपजात जवळपास याच भागापुरती उरली आहे. ते जुलै-ऑगस्टमध्ये उडतं. सिंट यान्सक्लोस्टरच्या जुन्या पाण्याच्या टाकीवर चढता येतं, तिथून चर आणि पट्ट्या स्पष्ट कळतात. चालायला गवतात शिरणार असाल तर लांब पँट आणि मोजे घाला, कारण गोचीड असतात. संध्याकाळी अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे आणि काखेत पाहून घ्या. चावून बसलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल लावत बसायचं नाही.

जेवण. शाकाहारी माणसाची इथे पंचाईत होते, उपाशी मात्र राहत नाही. तिथला पॅनकेक डोशाएवढा पातळ नसतो आणि त्यात अंडं असतंच. बटाट्याचे तळलेले काप काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, विचारून घ्या. चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असू शकतं. मासे खाणाऱ्यांनी धुरावलेला ईल मासा घ्यावा. महाग आहे, तेलकट आहे, पण या पाण्याचं खाणं तेच. स्वयंपाकघरं रात्री ८-९ ला बंद होतात. आपल्या वेळेला जेवायला निघालात तर फक्त बिअर मिळेल. चुलीची सोय असलेली खोली घेऊन स्टेनवाइकमध्येच भाजी, तांदूळ, दूध घ्यावं. घरून नेताना लक्षात ठेवा: तूप, खवा, पेढे, कुठलाही दुधाचा किंवा मांसाचा पदार्थ युरोपात नेता येत नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय संत्रीही नाही. जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, तिखट, पापड खुशाल न्या.

मुक्काम स्वस्त नाही. मोसमात दोघांची खोली शंभर-दीडशे युरोच्या पुढे जाते, वर माणशी रात्रीचा पर्यटन कर. २०२६ पासून हॉटेल-खोल्यांवरचा मूल्यवर्धित कर ९ वरून २१ टक्के झाला आहे, तंबूची जागा त्यातून वगळली आहे. आरक्षण करताना खोली कोणत्या मजल्यावर ते विचारा. जुन्या घरांचे जिने शिडीसारखे उभे असतात, वयस्कांना रात्री उतरणं जमत नाही. पायवाटेला कठडा नाही, पावसात लाकडी पूल निसरडे होतात. चपला घालून जाऊ नका. बोटीत चढताना काठावर पाय देऊन उभं राहायचं नाही, मधोमध पाऊल टाकून लगेच बसायचं.

जावं कधी, तर मेचा दुसरा पंधरवडा ते मध्य जून किंवा सप्टेंबर, सोमवार ते गुरुवार. २७ एप्रिलचा राजाचा दिवस (राजाच्या वाढदिवसाची सुट्टी), मे-जूनमधल्या ख्रिस्ती सणांच्या जोडसुट्ट्या आणि जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार टाळा. जूनमध्येही अंगात स्वेटर आणि पावसाचं जाकीट लागतं. छत्री सरोवरावर उलटी होते. नोव्हेंबर ते मार्च बोटी मोजक्याच चालू असतात आणि डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडतो, तेव्हा फक्त खोली स्वस्त मिळते म्हणून जाऊ नका.