लसीच्या सुईनं आखडलेला खांदा आणि कोल्हापूरचा ग्राहक आयोग: भरपाईच्या वाटेचं परीक्षण

लस दंडाच्या स्नायूत जायच्या ऐवजी वर खांद्यात गेली आणि महिनोन् महिने हात वर जाईना, अशा तक्रारीत भरपाई मिळवायची तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग हीच सध्याची सगळ्यात कामाची जागा आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. फी नसल्यात जमा, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि तडजोड झालीच तर तिला आदेशाचं बळ मिळतं. मात्र आयोग तुमच्यासाठी पुरावा गोळा करून देत नाही. या दाव्यातला निम्मा पुरावा पहिल्या दोन दिवसांत तयार होतो किंवा कायमचा हातचा जातो, आणि बहुतेक दावे तिथंच कच्चे राहतात.

आधी दुखापत नेमकी काय ते पाहू. इंजेक्शनची जागा खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटं, म्हणजे साधारण ५ सेंटिमीटर खाली असते. सर्वसाधारण प्रौढाला २५ मिलिमीटरची सुई काटकोनात दिली जाते. टोचणारा उभा आणि घेणारा बसलेला असेल, किंवा बाही वर न सारता शर्ट गळ्याकडून ओढून खांदा उघडा केला असेल, तर टोचणाऱ्याचा हात नकळत वर सरकतो. मग औषध हाडाखालच्या बर्सा नावाच्या पिशवीत किंवा सांध्याच्या आवरणात उतरतं. प्रतिकारशक्ती जागी करणारं द्रव्य चुकीच्या जागी पडल्यानं तिथं सूज धरते आणि ती रेंगाळते. नेहमीची दंडदुखी दोन-तीन दिवसांत उतरते. ही उतरत नाही. केस विंचरणं, पाठीमागं हात नेणं, रात्री त्या कुशीवर झोपणं अवघड होतं. दोष लसीचा नसतो, टोचण्याच्या जागेचा असतो. हा फरक दाव्याचा कणा आहे, कारण त्यावरून सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तो, ठरतो: लस बनवणारी कंपनी नव्हे, टोचणारा दवाखाना.

अमेरिकेत या दुखापतीसाठी सरकारी निधी आहे. १९८६ च्या कायद्यानं उभ्या राहिलेल्या त्या योजनेच्या, भरपाईला पात्र दुखापतींच्या तक्त्यात २०१७ मध्ये खांद्याची दुखापत आली. तिथं चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. चार गोष्टी दाखवाव्या लागतात. त्या खांद्याला आधी दुखणं नव्हतं; दुखणं ४८ तासांच्या आत सुरू झालं; वेदना आणि हालचालीची मर्यादा त्याच खांद्यापुरती आहे; आणि लक्षणांचा उलगडा करणारं दुसरं कारण नाही. शिवाय साधारणपणे त्रास सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकलेला असावा लागतो. वेदनेपोटी तिथं जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर मिळतात. आपल्याकडे खांद्यासाठी असा निधी नाही. कोविड लसीच्या दुष्परिणामांबाबत केंद्र सरकारनं २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात, भरपाईसाठी दिवाणी न्यायालयात जावं, अशीच भूमिका घेतली होती. म्हणजे इथं निष्काळजीपणा दाखवावाच लागतो. तरीही ते चार निकष कागद जुळवायला उत्तम आहेत. ते आपल्या आयोगावर बंधनकारक नाहीत, पण सामनेवाल्याचा वकील नेमकं त्याच चार ठिकाणी बोट ठेवतो.

म्हणून पहिलं काम फोटोचं. सुईची खूण एक-दोन दिवसच दिसते. खांद्याच्या हाडाचं टोक पेनानं खुणावून तिथून सुईच्या खुणेपर्यंत मोजपट्टी धरा आणि तारीख-वेळेसह फोटो काढा. अंतर दोन सेंटिमीटर निघालं, तर या एका फोटोइतका बोलका पुरावा पुढे क्वचितच मिळतो. दुसरं काम केसपेपरचं. ज्या डॉक्टरांना पहिल्यांदा दाखवाल त्यांच्या केसपेपरवर कोणत्या तारखेला, कोणत्या हाताला, कोणती लस घेतली आणि किती तासांनी दुखू लागलं, हे लिहून आलं पाहिजे. ‘खांदेदुखी, गोळ्या दिल्या’ एवढंच लिहिलेलं असेल तर ४८ तासांचा दुवा तुटतो. तो तीन महिन्यांनी शपथपत्रानं जोडता येतो, पण त्याला वजन नसतं.

हालचालीची मापं अंशांत लिहून घ्या. हात समोरून आणि बाजूनं १८० अंशांपर्यंत जायला हवा. तो ९० वर अडतो की ११० वर, हे गोनिओमीटरनं, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या साधनानं मोजून फिजिओथेरपिस्टनं दर भेटीला नोंदवायला हवं. एमआरआय किंवा सोनोग्राफी लवकर केलेली बरी, कारण बर्सातलं पाणी आणि सूज काही महिन्यांत ओसरते. मग अहवालात नुसता आखडलेला खांदा दिसतो आणि तो मधुमेहानंही होतो.

मधुमेह हा या दाव्यातला सगळ्यात मोठा अडसर आहे. साखर असलेल्यांचा खांदा आपोआपही आखडतो, आणि कैफियतीत, म्हणजे सामनेवाल्याच्या लेखी उत्तरात, पहिला बचाव हाच येतो. त्याला उत्तर आहे: आधीचे एचबीएवनसीचे (तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीचे) अहवाल, लस घेण्यापूर्वी हात व्यवस्थित वर जात होता याचा कसलाही पुरावा, आणि त्रासाची सुरुवात. मधुमेहाचा आखडलेला खांदा आठवड्यामागून आठवडे हळूहळू बसतो; सुईचा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ठणकू लागतो. मानेच्या मणक्याचा विकार असेल तर तोही लपवू नका. जुना केसपेपर उलटतपासणीत निघाला की खरा भागही खोटा वाटू लागतो.

दवाखान्याकडून नोंदी मागा, लेखी मागा आणि पोच घ्या. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, मात्र तीन वर्षं जपण्याचं बंधन दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदींना आहे, म्हणून उशीर करू नका. लसीचं नाव, बॅच क्रमांक, टोचणाऱ्याचं पद, हे त्यात हवं.

लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनेची नोंद बहुतेक जण करतच नाहीत, आणि हे आम्हाला फार खटकतं. शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे ती करता येते. औषधांच्या दुष्परिणामांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-३०२४ ही आहे. तपासणीत घटनेचं वर्गीकरण होतं: लसीच्या गुणधर्मामुळे, लसीच्या दर्जातल्या दोषामुळे, देण्यातल्या चुकीमुळे, भीतीमुळे, किंवा निव्वळ योगायोग. ‘देण्यातली चूक’ असा शेरा आला तर दावा मजबूत होतो. अर्जात ‘लसीमुळे त्रास’ असं मोघम लिहिलं तर तपास भलत्या दिशेला जातो. ‘इंजेक्शन खांद्याच्या सांध्यालगत उंचावर दिलं गेलं’ असंच लिहा.

आता आयोगाची सेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही जिथं राहता किंवा काम करता तिथं तक्रार करता येते. गडहिंग्लजचा माणूस पुण्यात लस घेऊन आला तरी त्याला पुण्याच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. आयोगाची पायरी भरपाईच्या मागणीवरून ठरत नाही, सेवेसाठी मोजलेल्या पैशांवरून ठरते. इंजेक्शनला काही शे रुपयेच लागलेले असतात, म्हणून दहा-पंधरा लाखांची मागणीही जिल्हा आयोगातच येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. दाखल करायचं ते ई-जागृती पोर्टलवर. जानेवारी २०२५ पासून ई-दाखिल या जुन्या पोर्टलची जागा त्यानं घेतली. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. उशीर झाला तर माफीचा अर्ज जोडता येतो, पण त्यावर विसंबू नये.

पैसे मोजल्याचा पुरावा मात्र हवाच. पावती नसेल तर यूपीआयची नोंद काढा. लस पूर्णपणे मोफत मिळाली असेल, उदाहरणार्थ कुत्रा चावल्यावर सरकारी रुग्णालयात, तर तुम्ही कायद्यानं ‘ग्राहक’ ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून ही रेषा पक्की आहे. त्याच निकालानं हेही सांगितलं की काही रुग्णांकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयात मोफत उपचार घेतलेला रुग्णही ग्राहकच. शिरोली एमआयडीसीतल्या कामगारानं ईएसआयच्या (कामगार राज्य विमा योजनेच्या) दवाखान्यात सुई घेतली असेल तर त्याची वर्गणी हाच मोबदला धरला जातो. सरकारी मोफत लसीसाठी दिवाणी दावा किंवा रिट, म्हणजे उच्च न्यायालयातली याचिका, उरते. रिटसाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (खंडपीठ) कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत बसतं.

नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्याला ३० दिवसांत आणि फार तर आणखी १५ दिवसांत कैफियत द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्ये ४५ दिवसांपुढे सवलत नाही असं ठरवलं. तो दिवस डायरीत लिहून ठेवा आणि उलटला तर तसा अर्ज द्या. निकालासाठी कायद्यात तीन ते पाच महिन्यांची मुदत आहे. वैद्यकीय तक्रारी त्या वेळात क्वचित संपतात, आणि ही या सेवेची सगळ्यात मोठी उणीव आहे.

दुसरी उणीव मध्यस्थीची, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. दोन्ही पक्षांनी पाच दिवसांत लेखी संमती दिली तर आयोग प्रकरण मध्यस्थाकडे पाठवतो. पण २०२० च्या मध्यस्थी नियमांनुसार गंभीर इजा किंवा मृत्यू झालेल्या वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणं मध्यस्थीला पाठवता येत नाहीत. सांध्याची शक्ती कायमची कमी होणं फौजदारी कायद्याच्या व्याख्येत गंभीर इजेत बसतं. म्हणजे तक्रारीत ‘कायमचं अपंगत्व’ लिहिलंत की मध्यस्थीचं दार बंद होऊ शकतं. म्हणून इजा कमी करून लिहा असं आम्ही कदापि म्हणणार नाही. डॉक्टरांनी ‘कायमची’ म्हटलं असेल तर तेच लिहा, आणि तडजोड करायचीच असेल तर बाहेर बोलणी करून आयोगात संयुक्त तडजोड पुरशीस, म्हणजे दोघांच्या सह्यांचं तडजोडीचं लेखी निवेदन, दाखल करा. डॉक्टरांनी सुधारणा होईल असं म्हटलं असताना जोर यावा म्हणून ‘कायमची’ लिहिणं मात्र दोन्हीकडून बुडवतं.

निष्काळजीपणासाठी तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात लागतंच असं नाही. २०१० च्या व्ही. किशन राव निकालात सर्वोच्च न्यायालयानं तसं स्पष्ट केलंय. उंचावरच्या खुणेचा फोटो आणि वेळेवरचा एमआरआय असेल तर तो निकाल उपयोगी पडतो. नसेल तर अस्थिरोगतज्ज्ञाचं लेखी मत जोडाच. एकाच शहरातले डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहायला कचरतात. अशा वेळी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं मत मागवण्याचा अर्ज आयोगाला द्यावा.

आकडा किती मागायचा? खर्चाची बिलं, एमआरआय, फिजिओथेरपी, प्रवास, पुढं शस्त्रक्रिया लागली तर तिचं लेखी अंदाजपत्रक, बुडालेली कमाई, आणि मग वेदनेची रक्कम. कमाईचा पुरावा हातावर पोट असलेल्यांसाठी अवघड असतो, पण अशक्य नसतो. हुपरीच्या चांदी कारागिराची मजुरीची वही, इचलकरंजीतल्या यंत्रमाग कामगाराच्या पगाराच्या नोंदी, धार काढणाऱ्या बाईची दूध संस्थेची दहा-दहा दिवसांची बिलं आणि त्यात घटलेलं लिटर, हे सगळं चालतं. उपचार संपल्यावर अपंगत्वाचा दाखला काढा. ४० टक्क्यांखाली आला तर सरकारी सवलती मिळत नाहीत, म्हणून लोक तो फायलीतच ठेवतात. भरपाईला १५ टक्केही मोजले जातात.

बोलणी प्रत्यक्षात बहुधा डॉक्टरांशी नसतात, त्यांच्या व्यावसायिक विमा कंपनीशी असतात. कंपनीच्या संमतीशिवाय डॉक्टरांनी कबूल केलेली रक्कम पुढं अडकते. म्हणून कंपनीला सुरुवातीलाच सामनेवाला करा. लवकर आलेला प्रस्ताव मोहात पाडतो, पण सहा महिन्यांच्या आत सही करू नका: स्टिरॉइडच्या इंजेक्शननं उतरलेलं दुखणं परत येऊ शकतं, आणि ‘पूर्ण व अंतिम’ पावतीवर सही झाली की पुढची दुर्बिणीची शस्त्रक्रिया तुमच्या खिशातून. उपचाराचा शेवट दिसू लागेपर्यंत थांबा, मात्र दोन वर्षांची मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी तक्रार दाखल करून ठेवा.

पुरशिशीत एकरकमी आकडा, पैसे देण्याची तारीख, तारीख चुकली तर व्याजाचा दर, आणि रक्कम थेट बँक खात्यात जमा होईल, हे चार मुद्दे हवेत. ‘चूक मान्य नाही’ हे वाक्य कंपनी घालतेच, त्याला हरकत घेऊ नका. गुप्ततेच्या अटीत ‘आरोग्य विभागाकडे दिलेली माहिती वगळून’ एवढी भर घाला. आयोगातल्या मध्यस्थीतून झालेल्या तडजोडीच्या आदेशावर अपील नसतं. लढून मिळालेल्या निकालावर ४५ दिवसांत अपील होतं, पण सामनेवाल्याला निम्मी रक्कम आधी भरावी लागते. पैसे आलेच नाहीत तर कलम ७१ खाली वसुली दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज) आणि कलम ७२ खाली दंडात्मक कारवाईचा अर्ज, दोन्ही करता येतात. दुसऱ्यात किमान एक महिन्याच्या कैदेची तरतूद आहे. पुरशीस नुसती फायलीत लागून प्रकरण ‘मागे घेतलं’ म्हणून निकाली निघालं, तर दरखास्तीला आधारच राहत नाही. ‘तडजोडीच्या अटींनुसार आदेश’ असे शब्द आदेशात आलेत की नाही, ते प्रमाणित प्रत हातात पडली की लगेच वाचून घ्या.