कागदावरची तारीख की घरच्यांची आठवण?

वंशावळ करायला बसलं की हा घोळ होतोच, कागद एक सांगतो आणि घरातली म्हातारी माणसं भलतंच. मी आधी डोळे झाकून कागदाच्या बाजूने असायचो, आता नाही, कारण कागद पण कुणीतरी ऐकूनच लिहिलेला असतो ना! मृत्यूच्या दाखल्यावर जन्मतारीख असते ती सांगतं कोण, तर बहुतेक वेळा मुलगा नाहीतर सून, म्हणजे जे जन्माच्या वेळी तिथे नव्हतेच. त्यामुळे त्या कागदावरची मृत्यूची तारीख धरा, जन्माची नाही. जनगणनेचं तर विचारूच नका, ब्रिटनच्या १८४१ च्या जनगणनेत १५ वर्षांवरच्यांचं वय ५ च्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती, म्हणजे ३९ चा माणूस कागदावर ३५ चा. इंग्लंडमध्ये तर १७५१ पर्यंत नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणून जुन्या वहीतला फेब्रुवारी १७२० आपल्या हिशोबाने १७२१ असतो. कारकुनाची चूक नाही, आपली.

आठवणीत तारीख जवळपास नसतेच, पण क्रम असतो. ‘पूर आला तेव्हा ही पोटात होती’, हे सहसा चुकत नाही, आणि पुराचं वर्ष शोधता येतं. नावांना मात्र आठवण कच्ची, लाडाचं नाव तेवढं राहतं. शिवाय लहानपणी गेलेल्या भावाचंच नाव पुढच्याला ठेवलं असेल तर आठवणीत दोघांचा एकच माणूस होतो, तिथे कागदच हवा, नाहीतर पणजोबा जन्माआधीच वारलेले निघतात.