टँगलन: एका विशेषणाच्या कसोटीवर

आयरिश भाषेच्या कोशांचे ‘टँगलन’ हे मोफत संकेतस्थळ ‘फोरस ना गेल्गे’ ही भाषासंस्था चालवते. कोशाचा कस नामापेक्षा विशेषणावर चांगला लागतो, म्हणून अंधेरीहून चर्चगेटला जाताना लोकलमध्ये मी ‘मोर’, म्हणजे मोठा, हे अगदी नेहमीचे विशेषण त्यात शोधले.

सर्वांत उपयोगी वाटला तो व्याकरणाचा विभाग. आयरिशमध्ये विशेषण नामाच्या मागून येते आणि लिंग, वचन व विभक्ती यांनुसार बदलते. मोठा पुरुष ‘फॅर मोर’, पण मोठी स्त्री ‘बॅन वोर’. लिहिताना आरंभीच्या ‘एम’पुढे केवळ एक ‘एच’ येतो आणि उच्चार ‘व’ होतो. स्त्रीलिंगी षष्ठीत ‘मोर्ये’, अनेकवचनात ‘मोरा’. त्यातही ‘मोठे पुरुष’ म्हणताना नामाच्या अखेरीस ‘इ’ची छटा असलेले, म्हणजे तालव्य, व्यंजन असल्याने ‘फिर वोरा’ होते, ‘मोठ्या स्त्रिया’ मात्र ‘म्नॉ मोरा’च राहतात. मोठा, मोठी, मोठ्या अशी रूपे रोज वापरणाऱ्या मराठी माणसाला शेवट बदलण्याचे नवल वाटणार नाही. शब्दाचे तोंडच बदलते, तिथे खरी परीक्षा आहे. तुलनावाचक रूप तर निराळेच, ‘मो’. आपल्याकडे ‘त्याहून मोठा’ म्हटले की काम भागते.

कॉनाक्ट, अल्स्टर आणि मन्स्टर या तिन्ही बोलींतील उच्चार ऐकण्याची सोय आहे. डब्यातल्या गोंगाटात मात्र चांगले इयरफोन हवेत. नील ओ डोनल यांचा १९७७ सालचा आयरिश-इंग्रजी कोशही इथेच पाहता येतो. अर्थ इंग्रजीत असल्याने मराठी वाचकाला तो वळसा घ्यावाच लागतो.

व्युत्पत्तीसाठी जुन्या आयरिशच्या ‘ई-डिल’ या दुसऱ्या मोफत कोशाकडे जावे. तिथे याच शब्दाची ‘मार’ आणि ‘मोर’ अशी दोन्ही जुनी रूपे भेटतात. त्यामागचे ‘मारोस’ हे आदिकेल्टिक, म्हणजे आयरिश, वेल्श आदी भाषांच्या मूळ भाषेतले, रूप अभ्यासकांनी या भाषांची तुलना करून उभे केले आहे: वेल्शमधील ‘माउर’ त्याचाच भाऊबंद, आणि सीझरने उल्लेखिलेल्या इंदुतियोमारुस या सरदाराच्या नावाचा शेवटही तोच. आरंभीच्या ‘म’वरून ‘मोठा’शी सोयरीक जुळवण्याचा मोह होतो, पण तो आवरावा.

नवशिक्याने आधी टँगलनचा व्याकरण विभागच उघडावा आणि ‘मोर’ पाहून झाल्यावर ‘ब्यग’, म्हणजे लहान, हे विशेषण शोधावे. त्याचे तुलनावाचक रूप ‘लू’ आहे.